लांडगा, कोल्हा, खेकडा आणि तो

माझ्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात कुणाला धड दम दिलेला नाही. भाजीवालीने सडके टोमॅटो घातले तरी तो हसून पिशवी पुढे करायचा आणि घरी येऊन माझी बोलणी खायचा. पण परदेशी कार्टून सिनेमे मराठीतून दिसायला लागले तेव्हापासून या माणसाच्या आवाजाला घाबरून किती पोरांनी आईच्या कुशीत तोंड खुपसलं असेल, सांगता येत नाही. तो डबिंगचा कलाकार. मुंबईच्या एका स्टुडिओत जाऊन पडद्यावरच्या प्राण्यांच्या तोंडी मराठी घालायचा, आणि कर्जतला परत आला की दारातूनच मऊ आवाजात विचारायचा, "काय गं, आज आमटी कुठली?"

बर्फातला लांडगा त्याचा. टोपीवाला कोल्हा त्याचा. समुद्राच्या तळाशी बसलेला म्हातारा खेकडा, जो भावाला शोधत निघालेल्या छोट्या माशाला चमकता शिंपला देऊन वाट दाखवतो, तोही त्याचाच. नायक मात्र त्याच्या वाट्याला कधी आला नाही. नायकाला कोवळा आवाज लागतो, असं स्टुडिओत सगळे म्हणायचे. याचा घसा पंचविशीतही पन्नाशीचा होता.

मी खालापूरकडच्या एका कॉलेजात मास मीडियाच्या मुलांना शिकवते. गोष्ट कशी बनते, पात्रं त्यात काय करतात, हा माझा विषय. खूप वर्षांपूर्वी एका परदेशी अभ्यासकाने परीकथांचा ढीग समोर घेऊन दाखवून दिलं, की पात्रं हजारो असली तरी त्यांची कामं मोजकीच असतात. एक नायक, ज्याचं काहीतरी हरवलेलं असतं. एक खलनायक, ज्याने ते हिरावलेलं असतं. एक जण नायकाला घराबाहेर धाडतो. एक दाता, जो वाटेत त्याची परीक्षा घेतो आणि जादूची वस्तू हातावर ठेवतो. एक मदतनीस. एक खोटा नायक, जो शेवटी पुढे होऊन सगळं श्रेय लाटायला बघतो. आणि एक जण असा, की ज्याला शोधायला हा सगळा खटाटोप चाललेला असतो. आमची मुलं आसपासच्या गावांतून येतात, शेतीवाडीतल्या घरांतली. परीकथा म्हटलं की जांभया देतात. म्हणून मी कार्टून सिनेमे लावते आणि त्यातल्या प्राण्यांना ही कामं वाटून द्यायला सांगते.

घरी जेवताना यावरून आमची जुंपायची. तो म्हणायचा, लांडगा खलनायक, यात काय शिकवायचंय? मी म्हणायचे, लांडगा आला नसता तर ते रेनडिअरचं पिल्लू घराबाहेरच पडलं नसतं, म्हणजे त्याला धाडणाराही लांडगाच. एकाच पात्राकडे दोन कामं असू शकतात. त्यावर तो ताटावरून मान न उचलता म्हणायचा, "बाई, समोरचं तोंड उघडलं की मी बोलतो आणि मिटलं की गप्प बसतो. कोण काय ते तुझं तू ठरव."

एकदा मी त्याच्याबरोबर स्टुडिओत गेले होते. काचेपलीकडच्या खोलीत तो एकटा उभा होता. एका कानात मूळ परदेशी आवाज, डोळे पडद्यावरच्या कोल्ह्याच्या तोंडावर. कोल्ह्याने श्वास घेतला की हाही घ्यायचा. मधेच त्याने डावा हात वर केला. रेकॉर्डिंग थांबलं. तो म्हणाला, "बसत नाही." दिग्दर्शक वैतागून म्हणाला, वाक्य तर बरोबर आहे. "वाक्य बरोबर आहे, पण हे तोंड असं म्हणत नाहीये," तो म्हणाला. त्या एका वाक्यात त्यांची सगळी सकाळ गेली. सडके टोमॅटो निमूट घेणारा माझा नवरा तिथे तसूभर हलला नाही. मला त्याचा अभिमानच वाटला, पण भूकही लागली होती, म्हणून मी त्याच्यावर चिडले.

श्रावणातल्या एका सकाळी तो दात घासून बाहेर आला आणि माझ्याशी कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी बोलला. मला वाटलं गंमत करतोय, नवीन एखादा प्राणी असेल. मी हसले. मग त्याचं तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसलं आणि उजव्या हातातला टॉवेल खाली पडला. पनवेलच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता आणि माझा हात डाव्या हाताने घट्ट धरून होता.

घरी आणला तेव्हा उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालायचा, आणि बोलणं गेलेलं. अगदीच गेलं असंही नाही. एक शब्द उरला होता. "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, नको असलं तरी तेच, लघवीला जायचं असलं तरी तेच. त्याला कळायचं सगळं. पेपरातली बातमी वाचून दाखवली की भुवया वर जायच्या, माझ्या बहिणीने नेहमीची कुचकट चौकशी केली की डोळे मिटून घ्यायचा. फक्त आतला शब्द बाहेर निघेना. ज्या माणसाच्या घशात एक अख्खं जंगल राहायचं, त्याच्याकडे एक शब्द ठेवून बाकी सगळं कुणीतरी काढून नेलं होतं.

नेरळला नव्या वसाहतीत एक वाचा-उपचार करणारी मुलगी बसते. आमच्या मुलीच्याच वयाची, शांत, नीटनेटकी. तिने त्याला चित्रं दाखवली, वाक्यं अर्धी सोडली, टाळ्या वाजवून गाणी म्हणायला लावली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात. नंतर काही येतच नाही असं नाही, पण वेग मंदावतो." ती हे धीर द्यायला म्हणाली असेल. मी मात्र तेवढंच घट्ट धरून बसले. रोज सकाळी उठलं की वाटायचं, आजचाही दिवस गेला तर?

आणि मग मी जे करू नये ते केलं, म्हणजे शिकवायला लागले. दुसरं काही मला येत नाही. कॉलेजातून येताना रिक्षात बसून मी आमच्या घराची गोष्ट मांडायचे. त्याचं काहीतरी हरवलंय, म्हणून तो नायक. आयुष्यात पहिल्यांदाच मिळालंय काम, असा विनोदही मी मनात करून घेतला. मेंदूत अडकलेली रक्ताची गाठ खलनायक. नेरळची मुलगी दाता. मी मदतनीस. आणि जादूची वस्तू? ती आमच्या कपाटातच होती. त्याने आवाज दिलेले सगळे सिनेमे एका पेन ड्राइव्हवर होते. मला वाटलं, माणसाला त्याचाच आवाज ऐकवला तर तो सापडेल की परत. इतकं सरळ होतं ते, की आधी कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःलाच शिव्या दिल्या.

रोज दुपारी त्याला टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवून मी लांडगा लावायला लागले. घरभर त्याचा आवाज घुमायचा. "या जंगलातून कुणी जिवंत बाहेर पडत नाही, पिल्ला!" आणि त्या आवाजाचा मालक समोर मान कलती करून बसलेला. डोळ्यांत पाणी, तोंड घट्ट मिटलेलं. मी आवाज वाढवायचे. तेच वाक्य पुन्हा लावायचे, आणखी पुन्हा. "हा तू आहेस. ऐक ना. हे तूच बोललायस. एकदा म्हण, पिल्ला म्हण, नुसतं पि म्हण." तो माझ्याकडे बघून हलकेच म्हणायचा, "तेच."

कोल्हा झाला, खेकडा झाला. जाहिरातीतली बोलणारी बादलीसुद्धा झाली. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, एवढा टीव्ही कशाला गं मोठा लावतेस? मी त्यांनाही कथनशास्त्र सांगितलं. त्या गेल्यावर मी रिमोट भिंतीवर फेकला. तो दचकला, आणि त्याने डाव्या हाताने स्वतःचाच उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, बापाने घाबरलेल्या पोराला जवळ घ्यावं तसा. त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. मला नवरा हवा होता आणि त्याचा आवाज तर घरात चोवीस तास होता, फक्त तो लांडग्याकडे होता.

त्याच दिवसांत कॉलेजात मुलांची सादरीकरणं चालू होती. खोपोलीच्या अलीकडच्या एका गावातली मुलगी फळ्यासमोर उभी राहिली. तिने माशाचा तोच सिनेमा घेतला होता. त्यातल्या खेकड्याचा आवाज माझ्या नवऱ्याचा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. खेकड्याला दाता, शार्कला खलनायक असं ठरलेलं सगळं सांगून झालं आणि मग ती म्हणाली, "यात माशाचा भाऊ, म्हणजे ज्याला शोधतात तो, त्याला डायलॉगच नाय मॅडम. सगळे त्याच्यासाठी जीव टाकतात. पन तो काय बोलत नाय."

"त्याची भूमिकाच तशी असते," मी म्हटलं.

"हां, पन मग पिच्चर शोधनाऱ्याचा कसा? जो हरवलाय त्याचा म्हनायचा ना. त्याचं तर काय विचारतच नाय कुनी."

मी तिला चांगलंच झापलं. शोधली जाणारी व्यक्ती म्हणजे काय फर्निचर असतं का, पुस्तक नीट वाच, वगैरे. ती खाली बघत "पिच्चरमदी तरी तसंच हाय" असं पुटपुटून जागेवर जाऊन बसली. ती गोष्ट मला लागली का, तर लागली. पण तेव्हा मी तिला एक मार्क कमी देऊन विषय संपवला.

मी कॉलेजात असताना त्याच्याजवळ पळसदरीच्या एक मावशी असायच्या. त्यांचं काम म्हणजे त्याला जेवायला घालणं, फिरवणं आणि मी सांगून गेलेले सिनेमे लावणं. त्यांना त्या लांडग्याचा भयंकर राग होता. एक दिवस मी घरी येते तो मावशी पायरीवर बसलेल्या, पदर तोंडाला.

"ताई, दादा बोलले," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातली पिशवी गळाली. "काय बोलले?"

"आता काय सांगू तुमाला. माजी सून फोन करत व्हती, आयकूच येईना, म्हनून मी टीव्हीचा आवाज बंद केला. अन दादांनी एकदम माज्याकडं बगून नाय, टीव्हीकडं बगून, मोट्या आवाजात... म्हंजे मी तुजी हाडं चावून खानार हाय, असं काय तरी. माज्या हातचा फोनच पडला."

मी चपलांसकट आत धावले. तो खुर्चीत बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला कित्येक दिवसांत न दिसलेलं काहीतरी होतं. मी रिमोट घेतला. भिंतीवर फेकल्यापासून तो चिकटपट्टीने जोडलेला होता. लांडगा लावला. आवाज पूर्ण बंद. पडद्यावर बर्फ पडत होता, पिल्लू पळत होतं, काहीच ऐकू येत नव्हतं. मग लांडगा वळला, त्याने श्वास घेतला, जबडा उघडला. माझ्या नवऱ्यानेही श्वास घेतला.

"या जंगलातून," तो म्हणाला, "कुणी जिवंत बाहेर पडत नाही, पिल्ला."

शब्द जरा जाड झालेले होते, "जिवंत" अडखळलं होतं. पण लांडग्याचं तोंड मिटायला आणि त्याचं वाक्य संपायला एकच गाठ पडली. मी जमिनीवर बसले आणि मावशींना मिठी मारून हसायला लागले. मावशी म्हणाल्या, "असलं बोलन्यापरीस गप व्हते ते काय वाईट व्हते?"

मला सगळं एकदम लक्षात आलं आणि मी कपाळ बडवून घेतलं. त्याची सगळी कमाई तोंड पाहून बोलण्यातली. तोंड हलतंय आणि त्यातून मराठी येत नाहीये, म्हणजे आपलं काम आहे, एवढं त्याच्या अंगात भिनलेलं. आणि मी मूर्खासारखी रोज त्याच्यासमोर त्याचाच आवाज भरलेली तोंडं ठेवत होते. ते वाक्य आधीच झालेलं होतं. झालेल्या वाक्यावर कुठला डबिंगवाला बोलेल? तो बिचारा शिस्तीत गप्प बसत होता.

नेरळच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती खुर्चीत पुढे सरकली. म्हणाली, समोरच्याचं तोंड पाहून बोलणं काही जणांना सोपं जातं, आम्हीही ते वापरतो. पण अशा वळणाने कुणाची वाचा येताना तिने पाहिली नव्हती. "आता सिनेमा बाजूला ठेवा," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसा. नुसतं तोंड हलवा. साधी वाक्यं."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले. उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी खिडकी उघडली. खूप लाज वाटली, लग्नाआधी पहिल्यांदा बघायला आले होते तेव्हासारखी. मग मी आवाज न काढता ओठ हलवले. पाणी दे.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. श्वास घेतला.

"पाणी दे," तो म्हणाला.

मी पाणी आणून दिलं. त्याला तहान नव्हती. तरी तो प्यायला.

मग मला हाव सुटली. दुसरा शब्दच नाही माझ्या त्या वागण्याला. चहा दे, पंखा लाव, भाजी चांगली झालीये. सगळं मी ओठांनी म्हणायचे आणि तो त्याच्या त्या मऊ, जाड आवाजात बोलायचा. नजर सतत माझ्या तोंडावर. मी तोंड फिरवलं की पुन्हा "तेच." घरात आवाज आला होता आणि मी त्या आवाजाला काहीही बोलायला लावू शकत होते. एकदा मी ओठांनी म्हटलं, तू फार छान दिसतेस. त्याने ते म्हटलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ गॅसजवळ नुसतीच उभी राहिले.

आमची मुलगी पुण्यात असते. तिचं बाळ तेव्हा अंगावर पिणारं. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करायची, बाबांसमोर बाळ नाचवायची, आणि बाबा "तेच" म्हणाले की मोबाईल बाजूला ठेवून डोळे पुसायची. तिचं दूध कमी व्हायला लागलंय, असं तिच्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं. त्या रविवारी मी मोबाईल त्याच्यासमोर उभा केला आणि मोबाईलच्या मागे स्वतः उभी राहिले, तिला दिसणार नाही अशी. ओठ हलवले.

"कशी आहेस गं तू?" तो म्हणाला.

पुण्याला ओरडाआरडा झाला. जावई धावत आला. सासूबाई आल्या. मी ओठ हलवत राहिले आणि तो बोलत राहिला: बाळ तुझ्यासारखं दिसतं, वेळेवर जेव, काळजी करू नकोस. मुलगी हसत रडत होती. कॉल संपल्यावर मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुढचं वाक्य कुठलं, म्हणून.

असे किती रविवार गेले ते आता आठवत नाही. नातेवाइकांत बातमी पसरली. माझी बहीण म्हणाली, मी म्हटलंच होतं बरा होईल. मी प्रत्येकाच्या कॉलला मोबाईलच्या मागे उभी राहिले आणि त्याच्या तोंडून सगळ्यांना सगळं छान सांगितलं. इकडे मोबाईल बंद झाला की तो खिडकीबाहेर बघत बसायचा. जेवण कमी झालं. सकाळी चालायला नेलं की फाटकाशीच थांबायचा. मला वाटायचं, थकतोय.

नेरळच्या मुलीसमोर मी एकदा आमचा हा खेळ मोठ्या तोऱ्यात करून दाखवला. तिने सगळं पाहून घेतलं. मग मला हळूच म्हणाली, "काकू, वाक्यं छान येतायत. पण यातलं एक तरी वाक्य काकांचं आहे का?"

मी म्हटलं, आवाज त्यांचा आहे ना.

"आवाज आहे," ती म्हणाली. "आता हळूहळू तुमचं तोंड थांबवायचं. अर्ध्यावर सोडा. वाट बघा."

वाट बघणं मला जमेना. मी अर्ध्यावर तोंड थांबवायचे, तो तसाच उघड्या तोंडाने थांबायचा, आणि त्या शांततेत मला पहिले दिवस आठवायचे. ते ओघळलेलं तोंड, तो पडलेला टॉवेल. माझे ओठ आपोआप पुढे चालू व्हायचे. घरी येताना रिक्षात मला ती फळ्यासमोरची मुलगी आठवली आणि मी पुन्हा तिच्यावर चिडले. नायक तो आहे असं मी आल्यागेल्याला सांगत होते. पण बाहेर पडले होते मी, दात्याकडे गेले होते मी, जादूची वस्तू वापरत होते मी, आणि कौतुकही होत होतं ते माझंच. त्याच्याकडे सापडण्यापलीकडे कामच ठेवलं नव्हतं. आणि मोबाईलच्या मागे उभं राहून दुसऱ्याच्या नावावर बोलणाऱ्याला माझ्या विषयात खोटा नायक म्हणतात, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. हे सगळं कळूनही पुढच्या रविवारी मी मोबाईलच्या मागे उभी राहिलेच.

त्या रविवारी मुलगी खुशीत होती. बाळाला दात येत होता. तिने विचारलं, "बाबा, आता अगदी बरं वाटतंय ना तुम्हाला?"

मी ओठ हलवले. मी अगदी बरा आहे.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. श्वास घेतला. आणि थांबला. मला वाटलं दिसलं नसेल, म्हणून मी पुन्हा ओठ हलवले, जरा मोठे करून. मी अगदी बरा आहे. तो माझ्या तोंडाकडे तसाच बघत राहिला आणि मग त्याने डावा हात वर केला, खांद्याच्या वरपर्यंत, पंजा उघडा.

"बसत नाही," तो म्हणाला.

माझ्या ओठांवर असं काही नव्हतं. पलीकडे मुलगी म्हणाली, "काय बाबा? काय बसत नाही?"

त्याने माझ्या तोंडावरची नजर काढली. मोबाईल चालू असताना, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तो मोबाईलकडे वळला, लेकीकडे. त्याचा जबडा हलत होता आणि काहीच येत नव्हतं. माझ्या ओठांवर वाक्यं येऊन उभी होती. मी हात तोंडावर दाबून धरला.

"बरा," तो म्हणाला. "बरा. नाही."

मुलगी मोबाईलजवळ सरकली. बाळ तिच्या मांडीवर काहीतरी चोखत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ती अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, काय होतंय?"

त्याला खूप वेळ लागला. लांडग्याला लागला नव्हता एवढा, कोल्ह्याला लागला नव्हता एवढा. समोर बघायला कुणाचंही हलतं तोंड नव्हतं, मुलीने ओठ मिटले होते आणि माझे माझ्या हाताखाली होते.

"भीती," तो म्हणाला. "भीती वाटते."

मी इतके दिवस समजत होते की या घरात भीती फक्त मला वाटतेय. मी मोबाईलच्या मागून पुढे आले आणि मुलीला दिसेल अशी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले, तोंडावरचा हात न काढता, आणि तो पुढे काय म्हणतो ते ऐकायला लागले.